फडक्यातल्या भाकरी
शेजारून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास आला की मला पोलीस भरतीचं ते वर्ष आठवतं. रोज पहाटे मी शिवाररस्त्याने धावायला निघायचे आणि आई कळण्याच्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी नि गुळाचा खडा फडक्यात बांधून द्यायची. अंग जड झालं तर वेग जाईल, या धास्तीने मी जेमतेम अर्धी खायचे आणि बाकीच्या बांधावरच्या म्हशीला घालायचे. भरतीच्या दिवशी धुळ्याच्या मैदानावर आठशे मीटरचं शेवटचं वळण आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच कोसळले. घरी आल्यावर आईने माझे पाय चेपत हळूच विचारलं, "मनी भाकर कमी पडनी का व माय?" मी मान खाली घातली. आपलीच भाकर कमी पडली, असा तिला तो होकार वाटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला निघाले, तर फडक्यात तीन भाकरी होत्या. मला येताना पाहून म्हशीने नेहमीसारखी मान वर केली, आणि मला रडू फुटलं. आई जाऊन आता चार वर्षं झाली. तिची भाकरी कधीच कमी पडली नव्हती, एवढंच तिला सांगायचं राहून गेलं.