बोरीची कुत्री पहिली आली

तिसऱ्या कुत्र्याने बरोबर वाटी ओळखली तेव्हा मी खूश झाले. शेवटच्यानेही ओळखली तेव्हा मात्र कसंसंच वाटायला लागलं. भटकी कुत्री इतकी शहाणी नसतात. माणसंही नसतात.

मी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करते. म्हणजे प्राणी काय करतात ते बघायचं, आणि का करतात याबद्दल घाईने बोलायचं नाही. आमचा प्रोजेक्ट परभणी जिल्ह्यातल्या भटक्या कुत्र्यांवर होता. माणसाने हात केला तर कुत्र्याला त्यातलं किती कळतं? हे नीट समजलं तर कुत्र्यापुढे कसं वागावं ते शाळेतल्या मुलांना सांगता येईल, असा विचार होता. कुत्रं चावण्याची आणि त्यामागून येणाऱ्या रेबीजची भीती थोडी तरी कमी होईल. रेबीज म्हणजे कुत्रं पिसाळतं तो मेंदूचा रोग.

टेस्ट साधी. दोन वाट्या उपड्या ठेवायच्या. एकीखाली बिस्किटाचा तुकडा. बिस्कीट दोन्ही वाट्यांना चोळलेलं, म्हणजे नाकाची हुशारी चालत नाही. मी एका वाटीकडे बोट दाखवणार, पुढचं कुत्र्याने ठरवायचं. गंगाखेडच्या बसस्टँडवरच्या कुत्र्यांनी माझ्या बोटाकडे जेमतेम लक्ष दिलं. एकाने तर दोन्ही वाट्या सोडून माझी पिशवीच निवडली.

बोरी गावात मात्र एका गल्लीतली सगळी पास. संध्याकाळी सरांना, म्हणजे आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुखांना, फोन केला. ते हरखून गेले. प्रोजेक्टची मुदत संपत आली होती आणि मुदतवाढीचं कमिटी ठरवणार होती. मी कंत्राटावर. मुदतवाढ नाही म्हणजे मला नोकरीही नाही. सर म्हणाले, बोरीचा डेटा रिपोर्टच्या पहिल्याच पानावर टाका.

एकच काम राहिलं होतं, कंट्रोल. कंट्रोल म्हणजे सगळं तसंच ठेवायचं, फक्त बोट दाखवायचं नाही. मग कुत्र्याने वाटेल त्या वाटीकडे जायला हवं. दुसऱ्या दिवशी मी त्याच गल्लीत वाट्या मांडल्या आणि हात मागे बांधून उभी राहिले. कुत्रं आलं, वाट्यांसमोर बसलं आणि माझ्याकडे बघत राहिलं. त्याच्यानंतरचं आलं, तेही बसलं. समोर बिस्किटाचा वास आणि भटकं कुत्रं शिस्तीत बसलंय, असं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ती माझ्या हाताची वाट बघत होती.

गल्लीच्या तोंडाशी अप्पांचं किराणा दुकान आहे. आधीच्या आठवड्यात मी गावात परवानगी मागायला गेले, तेव्हा त्यांनीच चहा पाजला होता. टेस्ट कशी असते ते विचारलं होतं, आणि जाता जाता गंगाखेडची कुत्री कशी निघाली तेही. मी सगळं सांगितलं होतं. आता ते दुकानाच्या पायरीवरून कुत्र्यांकडे बघत होते, शाळेच्या गॅदरिंगमध्ये लेकराचा नाच बघणाऱ्या बापासारखे.

"अप्पा, या कुत्र्यांना कुणी काही शिकवलंय का?"

"शिकवलं म्हंजी काय मॅडम, जरा सराव घेतला. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी. तुमच्यावाणीच दोन वाट्या. भाकरी अख्ख्या गल्लीनं पुरवली."

"पण कशासाठी?"

"तुमी बोरीचं नाव लिहून नेणार. अन् आमची कुत्री गंगाखेडवाणी नापास झाली तर? गावाला काही इज्जत हाय का न्हाई?"

मला राग आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. आम्हाला न शिकवलेलीच कुत्री हवी होती, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तशी कुत्री आता बोरीत मिळणार नाहीत, असं कळवलं.

सरांना फोन केला. घडलेलं सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "कंट्रोल घेतलाच नाही असं धरलं तर? कुत्री थोडीच बोलणार आहेत?"

"कुत्री नाही सर, पण अप्पा बोलतील. बोरीची कुत्री जिल्ह्यात पहिली आली, असं त्यांचं जिंतूरच्या बाजारात सांगून झालंय."

हे मी हसत म्हणाले. नोकरी मला हवी होती. तरीही शिकवलेल्या कुत्र्यांच्या भरवशावर कुणाच्या तरी लेकराला भटक्या कुत्र्यापुढे उभं करायचं, हे जिंतूरचा बाजार नसता तरी मला जमलं नसतं. तेही सरांना सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि बोरीचा डेटा काढायला सांगितलं.

रिपोर्टमध्ये घडलं तसं लिहिलं. कमिटीतल्या एक वयस्कर मॅडम ते वाचताना हसून हसून डोळे पुसत होत्या म्हणे. मुदतवाढ मिळाली, मागितली होती त्याच्या निम्मी. अट एकच, बोरीऐवजी दुसरं गाव घ्यायचं.

दुसऱ्या गावात गाडीतून वाट्या उतरवायच्या आतच एकाने विचारलं, बोरीची किती पास झाली? मी सावधपणे म्हणाले, बोरीचा निकाल राखून ठेवलाय. संध्याकाळी अप्पांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"मॅडम, निकाल राखून ठेवला म्हणं. आमच्या कुत्र्यायला कॉपी करताना धरलं का?"

तसं काही नाही, कुत्र्यांनी मनापासून पेपर लिहिला, असं सांगितल्यावर ते जरा सावरले. बोरीत अजूनही कुणी पाहुण्याला रस्ता दाखवायला हात केला, की पाहुण्याच्या आधी कुत्री तिकडे पोचतात. मी आता कंट्रोल पहिल्याच दिवशी घेते. आणि शेजारच्या गावाचा निकाल कुणी विचारला, की मुकाट्याने चहा पिते.