मावशी सहाच्या वर जात नाय

दर महिन्याला माझ्या घरातून दोन-तीन रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडे जातात आणि त्यावरून सोसायटीत जी काय चर्चा व्हायची ती होते. बाटल्या जातात हो, किस्से मात्र घरातच राहतात! आता ते इतके साठलेत की कुणी जेवायला आलं, की ताट वाढायच्या आधीच एखादा माझ्या तोंडून निसटतो. तेव्हा म्हटलं, एकदा सगळे सांगून मोकळं व्हावं.

आधी भानगड काय ती सांगते. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी, आम्ही चौघं माझ्या बोईसरच्या फ्लॅटवर जेवायला बसतो. दोन-तीन वाइन उघडायच्या, जेवणाबरोबर प्यायच्या आणि दहापैकी मार्क द्यायचे. नियम एकच. वाइनसाठी म्हणून वेगळं काही रांधायचं नाही. ज्याच्या घरी जे शिजलं असेल ते त्याने डब्यात घालून आणायचं. वालाचं बिरडं तर बिरडं, सुका जवळा तर जवळा. एमआयडीसीतल्या माणसाने चीजचे तुकडे टूथपिकला टोचून खायचे आणि मान डोलवायची, हे आम्हाला जमणारं नव्हतं.

चौघांतली एक मी. एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये सँपल तपासते. दुसरे शेजारचे देसाईकाका, तारापूरच्या अणुवीज केंद्रातून रिटायर झालेले, सगळी नोकरी सेफ्टीत काढलेली. तिसरी नवापूरची हिरामावशी. बोईसरच्या बाजारात मासे विकते आणि पंधरा वर्षं मी कुठलं पापलेट घ्यायचं ते तीच ठरवते. चौथा नंदू, आमच्याच कंपनीत प्लँट ऑपरेटर. त्याची बायको स्मिता वाइनला हात लावत नाही, पण मार्कांचं रजिस्टर तिच्याकडे असतं.

*

हे रजिस्टर गमतीचं नाही, हे आधीच सांगते. घोलवडला नंदूच्या मामाची चिकूची वाडी आहे. मामाच्या दोस्ताचा परवानावाला छोटा वाइनचा कारखाना आहे, आणि तिथली एक टाकी नंदूची, चिकूच्या वाइनची. सुट्टी मिळाली की हा तिकडे. त्याला नोकरी सोडून हेच करायचं आहे, आणि घाईही आहे. वीस वर्षं सॉल्व्हंटच्या वासात काढल्यावर त्याचं नाक हळूहळू साथ सोडायला लागलंय.

"मॅडम, अजून दोन वर्षं इथे राहिलो ना, तर चिकू आणि बटाटा मला सारखाच लागेल," असं तो मला एकदा कँटीनमध्ये म्हणाला. हसतच म्हणाला, पण मला काही हसू आलं नाही.

स्मिताने सरळ अट घातली. नंदूच्या वाइनला आमच्या चौघांची सरासरी सात मिळाली, तर राजीनामा. नाहीतर नाही! "तुमचे मित्र गोड बोलणारे असते तर मी ही अट घातलीच नसती," असंही वर ऐकवलं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर दोघांच्या सह्या आहेत.

*

पहिल्याच महिन्यात माझी लाज निघाली. सवय वाईट! लॅबमध्ये प्रत्येक मालाचं थोडं सँपल आम्ही सीलबंद ठेवून देतो, पुढे कुणाची तक्रार आली तर तपासायला. मी घरीही तेच केलं. प्रत्येक वाइन थोडी-थोडी छोट्या काचेच्या बाटलीत भरली, वर नंबर आणि तारीख चिकटवली आणि फ्रिजच्या दारात ओळीने उभ्या केल्या. त्या महिन्यात सगळ्या व्हाइट वाइन होत्या.

मावशीने कोथिंबीर काढायला फ्रिज उघडला. बराच वेळ आत बघत उभी राहिली. मग दार हळूच लावून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "पोरी, एवड्या वेळा लघवी तपासायला लागते, म्हंजे काय झालंय तुला? आमाला सांगायचं तरी!"

*

मार्क देण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रजिस्टरमध्ये शेरा लिहायची जागा आहे. देसाईकाकांचा शेरा कायम एकच, "समाधानकारक. पुनर्तपासणी आवश्यक." ही पुनर्तपासणी ते लगेच, दुसरा ग्लास भरून करतात.

नंदू प्लँटच्या भाषेत बोलतो. एका महागड्या रेड वाइनचा घोट सुक्या बोंबलांवर घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "मॅडम, गंजलेला व्हॉल्व्ह चाटल्यासारखं वाटतंय!" चेष्टा वाटली, पण मी प्यायले तर अगदी तेच. तेव्हापासून सुके बोंबील आणि रेड वाइन एका ताटात आणायचे नाहीत, हा आमचा ठराव झाला.

आणि मावशी! ती स्टीलच्या पेल्यातूनच पिते. काचेच्या ग्लासात तिला म्हणे औषध घेतल्यासारखं होतं. मासा जशी पारखते तशीच वाइन पारखते. आधी बघणार, मग नाक, मग गप्प. आणि मार्क सहाच्या वर नाहीत. दीड वर्षात एकदाही नाहीत.

"अगं मावशी, दहापैकी द्यायचे असतात," मी कितीदा सांगितलं.

"म्हाईत हाय. सहाच्या वर माझं सोत्ताचं पापलेट पन जात नाय, तर हे काय घेऊन बसलीस?"

*

देसाईकाकांनी मोबाईलवर कुठेतरी पाहिलं, की खरे जाणकार वाइन गिळत नाहीत. तोंडात घोळवतात आणि थुंकतात. पुढच्या रविवारी ते घरून एक झाकणाचं पातेलं घेऊन आले आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. त्या दिवशी मावशीने बोयट माशांचं कालवण आणि तांदळाची भाकरी आणली होती.

काकांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून खाल्ला, वर वाइनचा घोट घेतला, डोळे मिटून गालातल्या गालात फिरवला आणि पातेल्याचं झाकण उचललं.

"देसाई!" मावशी कडाडली. "माझ्या कालवनावर घेतलेला घोट हाय तो. थुकायचा आसंल तर आधी कालवन थुका!"

काकांनी गिळलं. वर उचकी लागली. पातेलं रिकामंच परत जायला नको, म्हणून मावशीने जाताना त्यात उरलेलं कालवण घालून दिलं.

*

एकदा फेसाळणारी वाइन आणली. आता अशा बाटलीचं बूच उडतं, आणि काकांची अख्खी कारकीर्द कुठलीही वस्तू उडू न देण्यात गेलेली. त्यांनी फर्मान काढलं, की गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. मी लॅबचे चार सेफ्टी गॉगल आणले होतेच. जवळ्याची चटणी, भाकरी, मुगाची आमटी, आणि भोवती गॉगल लावलेले आम्ही चौघं. खिडक्या उघड्या, दारही उघडं.

तेवढ्यात आमचा वॉचमन कुणाचं तरी पार्सल घेऊन वर आला. त्याने आत पाहिलं. काकांनी हात वर करून त्याला जागीच थांबायची खूण केली. "कौनसा गैस है, साहब?" एवढंच त्याने विचारलं आणि उत्तराला न थांबता पार्सल टाकून जिन्यावरून पळत सुटला.

बोईसरला गॅस हा शब्द दोनदा सांगावा लागत नाही. पाच मिनिटांत अर्धी बिल्डिंग ओले रुमाल नाकाला लावून खाली पार्किंगमध्ये. आम्हाला हसावं की लपावं कळेना. काका मात्र जबाबदार माणूस. ते तडक गॅलरीत गेले आणि खाली वाकून, सेफ्टी ड्रिलच्या त्यांच्या खास आवाजात ओरडले, "कोणीही घाबरू नका! परिस्थिती नियंत्रणात आहे!"

गॉगल काढायचं ते विसरले होते. मग उरलेली अर्धी बिल्डिंगही खाली आली.

*

केळव्याला माझ्या मैत्रिणीने घरगुती राहण्या-जेवणाची सोय सुरू केली, तेव्हा एक रविवार आम्ही तिकडे, नारळी-पोफळीत साजरा केला. तिथे मुंबईचा एक पाहुणा उतरलेला. वाइनचा कोर्स केलेला, लिननचा शर्ट, आणि बोलायची फार हौस. आम्ही बोलावलं नव्हतं, पण खुर्ची ओढून आला.

मावशी मासे साफ करता करता उठली, पदराला हात पुसले आणि पाहुण्याच्या ग्लासात वाइन ओतून दिली. त्याने ग्लास गोल गोल फिरवला, नाक पार आत घातलं आणि म्हणाला, "वा! याच्यात एक वेगळाच खारा, समुद्राचा वास आहे. ही द्राक्षं नक्की किनाऱ्याजवळच्या मातीतली असणार!"

"तो माझ्या हाताचा हाय," मावशी म्हणाली.

*

नंदूची पहिली वाइन आम्ही चाखली तेव्हा तो समोर उभा होता, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा. वाइन गोड होती. भयंकर गोड! काकांनी शेरा लिहिला, "खोकल्यासाठी नऊ, जेवणासाठी दोन." मी तीन दिले. मावशीने एक दिला आणि तोही "मामाच्या झाडांना" म्हणून.

दुसऱ्या खेपेला सुधारणा झाली. सरासरी पाच. नंदूने मला त्या टाकीची वही दाखवली. कंपनीत आम्ही जसं रिअॅक्टरचं लॉगशीट भरतो तसंच, दर तासाचं तापमान, शिफ्ट, सही; हा नसेल तेव्हा मामाची. चिकूला बिचाऱ्याला श्वास घ्यायलाही परवानगी नव्हती!

"मावशी, कुठे कमी पडतं गं?" त्याने अगदी काकुळतीने विचारलं.

"चिकू कुठं हाय याच्यात?" मावशी म्हणाली. "तू माला मशीन पाजतोस."

नंदू त्या दिवशी जेवला नाही. स्मिताने त्याचा डबा तसाच बंद करून परत नेला. मला मावशीचा राग आला होता, खरं सांगते. पण ती बोलली ते खोटं नव्हतं, त्यामुळे भांडायची सोय नव्हती. तिसऱ्या खेपेची वाइन त्याने आम्हाला आठ महिने दाखवलीच नाही. टाकीची ती तासातासाची वही मात्र मला लॅबच्या रद्दीत सापडली, पुढची पानं कोरीच.

*

आणि आता मागच्या महिन्यातला रविवार.

स्मिता म्हणाली, आज तीन बाटल्या आहेत, पण नावं कुणालाच कळणार नाहीत. तिने स्वयंपाकघरातच वाइन ओतली आणि एक, दोन, तीन नंबर टाकून ग्लास बाहेर आणले. मावशीचा पेला वेगळा. नंदूलाही सांगितलं नव्हतं त्याची कुठली ते. जेवायला वालाचं बिरडं, मावशीचं ओल्या बोंबलांचं कालवण, भात आणि पापड.

पहिली वाइन ठीक. पाच, पाच, सहा, चार. पुढे गेलो.

दुसरी मी बिरड्याबरोबर घेतली आणि क्षणभर हातातला घास हातातच राहिला. वालाचा तो किंचित कडवटपणा असतो ना, त्याच्या मागून हलकेच काहीतरी गोड आलं आणि थांबलं. मी आठ दिले. काकांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, विचार केला आणि सात दिले. रजिस्टरमध्ये काकांचे सात पहिल्यांदाच पडले, आणि शेऱ्यात पुनर्तपासणीही नव्हती.

नंदूने ग्लास नाकाशी नेला. एकदा, दोनदा, तीनदा. घोट घेतला. पुन्हा नाकाशी नेला.

"काहीच कळत नाही यात," तो म्हणाला. "वासच नाही. चार."

स्मिता लिहायला लागली की तिचा चेहरा हलत नाही. पण तो चार लिहिताना तिचं पेन थांबलं, आणि वाइन कुणाची ते मला तिथेच कळलं. आठ, सात, चार. एकोणीस झाले. सरासरी सात यायची तर मावशीचे नऊ हवेत. मावशीचे नऊ!

मावशी मात्र निवांत. तिने आधी बोंबलाचा काटा काढला, भात कालवला, दोन घास खाल्ले. मग पेला उचलला. बघितलं. वास घेतला. जिभेच्या टोकाला लावण्याइतकीच घेतली आणि पेला खाली ठेवला.

नवापूरला तिच्या घरी लग्नाला, होळीला मी गेले आहे. घरची म्हणून जी दारू असते, तिचे पहिले दोन थेंब मावशी जमिनीवर सोडते, गेलेल्या माणसांसाठी. मगच बाकीच्यांनी प्यायची. आमच्या रविवारी दीड वर्षात इतक्या बाटल्या आल्या, देशी आल्या, परदेशी आल्या. तिने कधी एक थेंब खाली सांडला नव्हता.

मावशीने उजवा हात ताटात धुतला, पदराला पुसला. बोट पेल्यात बुडवलं आणि खुर्चीतून वाकून माझ्या फरशीवर दोन थेंब सोडले. मग पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

नंदू फरशीकडे बघत होता.

"मावशी," स्मिताने विचारलं, "आकडा?"

"आकडा तुमी टाका. आनि ह्यातली आजून वत."

स्मिताने पेन टेबलावर ठेवलं. रजिस्टर बंद केलं. आत जाऊन दुसऱ्या नंबरची बाटली आणली, मावशीचा पेला काठोकाठ भरला आणि मग नवऱ्याकडे वळली.

"अहो, कंपनीचा युनिफॉर्म परत करताना धुऊन द्यायचा असतो, की तसाच?"