शुक्रवारची पाच मिनिटं

साहेब नोव्हेंबरात पुण्याला गेले ते तीन आठवड्यांसाठी. तपासण्या करायच्या, औषधं सुरू करायची आणि परत यायचं, असं ठरलं होतं. जाताना गाडीची चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, "बंद ठेवू नकोस हां. दर शुक्रवारी स्टार्ट करायची आणि मला फोनवर ऐकवायची."

मी त्यांच्याच कंपनीत ड्रायव्हर. त्यांच्यासारखाच इथे आखातात, अल हैलला राहतो, पण दोन गल्ल्या सोडून, चौघांच्या खोलीत. शाळा आठवीत सुटली. इथे आलो तो ऑफिसात चहा द्यायला. ड्रायव्हर झालो तो साहेबांमुळे. इथल्या लायसनला ड्रमांच्या मधून गाडी उलटी काढून दाखवावी लागते, त्यात मी तीनदा नापास झालो होतो. साहेबांनी सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात पाण्याचे रिकामे कॅन उभे केले आणि स्वतःची गाडी माझ्या हातात दिली. एक कॅन मी पार चपटा केला, तर म्हणाले, "कॅनच होता. परीक्षा घेणारा पोलीस नव्हता, हे नशीब समज." चौथ्यांदा पास झालो. गावाकडे आईची औषधं, बहिणीचं शिक्षण, सगळं त्या लायसनवर चाललंय.

तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. मधे डिसेंबरात गाडीचा विमा संपला, मुल्कियाची, म्हणजे नोंदणीची मुदतही संपली. "रस्त्यावर काढू नकोस," साहेबांनी बजावलं. "कुणी येऊन धडकलं तरी तूच अडकशील." मी तसाही घाबरट. गाडी पार्किंगमधून इंचभर हलवली नाही.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास वहिनींच्या नंबरवरून फोन यायचा. वहिनी म्हणजे साहेबांच्या बायको. त्या फोन साहेबांच्या कानाशी धरायच्या, मी माझा बॉनेटवर ठेवायचो.

"लाव," साहेब म्हणायचे. मग ऐकत राहायचे.

"टॅपेट वाजतंय रे."

"नाही साहेब."

"वाजतंय. तुझे कान तुझ्या रिव्हर्ससारखेच आहेत. असू दे, चालू दे."

आवाज दर आठवड्याला बारीक होत चालला होता. गाडीचा नव्हे.

पहिल्या शुक्रवारी मी चांगला अर्धा तास इंजिन चालू ठेवलं होतं. पार्किंग साहेबांच्या बिल्डिंगच्या पोटात, समोरच तळमजल्याची खिडकी. तिथली हैदराबादची बाई तान्हं मूल काखेत घेऊन बाहेर आली. "भैया, बच्चे को धुआँ पिलाओगे क्या?" तेव्हापासून पाच मिनिटं. साहेबांचं बोलणंही तेवढ्यातच आटपायचं. त्यांना धाप लागायची.

जानेवारीत सहज ऑइलचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा चिकट थर होता, दुधावरची साय बोटाला लागावी तसा. कंपनीच्या गाड्या जिथे जातात त्या गॅरेजवाल्या मलबारी माणसाला फोटो दाखवला. त्याने फोटोकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघितलं.

"रोज चालू करता है?"

"हफ्ते में एक बार. पाँच मिनट."

"किसने बोला पाँच मिनट? इंजिन गरम होता नहीं, अंदर पानी बनता है, वही ऑइल में जाता है. बॅटरी भी भरती नहीं, सिर्फ खाली होती है. या तो रोड पे ले जाओ आधा घंटा, या बॅटरी का वायर निकालो और सोने दो. ये क्या, हर हफ्ते जगाके फिर सुला देता है?"

मी सांभाळतोय म्हणत होतो आणि माझ्याच हाताने साहेबांचं इंजिन खराब होत होतं. रस्त्यावर नेता येत नव्हतं. थांबवायचं तर साहेबांना सांगावं लागणार. त्यांना थेट सांगायची हिंमत नव्हती, म्हणून वहिनींना वेगळा फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "इंजिनचं काय व्हायचं ते होऊ दे रे. ते शुक्रवारची वाट बघतात. परत आल्यावर आधी गाडी काढून निझवाला फिरायला जाऊ म्हणतात. शुक्रवारी दोन घास जास्त जातात. तू बंद नको करू."

मग मी चालू ठेवलं. दर शुक्रवारी चावी फिरवताना आत पाणी धरतंय हे कळत होतं, आणि फोनवर म्हणत होतो, "एकदम मस्त, साहेब."

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी चावी फिरवली तर नुसतं टिक टिक. पुन्हा फिरवली. दिवेही मंदावले. फोन बॉनेटवर चालूच होता.

"लाव की," साहेब म्हणाले.

खोटं काय बोलावं ते सुचलं नाही. घडाघडा सगळं सांगून टाकलं. बॅटरी गेली, ऑइलमध्ये पाणी गेलंय, गॅरेजवाला असं म्हणाला, माझी चूक झाली. वहिनींनी सांगितलं होतं, तेवढं सोडून सगळं.

साहेब म्हणाले, "मला माहीत आहे. तीस वर्षं मशिनांत काढलीत मी. पाच मिनिटांनी इंजिनाचं काय होतं ते मला कळत नाही होय?"

"मग साहेब, तुम्ही..."

"वही आहे का? लिहून घे. ही पाणी आणायला गेलीय, ती यायच्या आत."

वही नव्हती. विम्याच्या जुन्या कागदामागे लिहिलं. बॅटरीची मायनस वायर आधी काढ, मग दुसरी. गिअर पार्कला टाकून चाकांना विटा लाव, मग हँडब्रेक सोड, नाहीतर चिकटेल. टायरमध्ये हवा जास्त भर. कॅनने पेट्रोल आणून टाकी गळ्यापर्यंत भर. प्लॅस्टिक घालू नकोस, समुद्राची हवा आत कोंडते, कापडी कव्हर घाल. एकेक वाक्यानंतर ते थांबत होते.

"किती दिवसांसाठी, साहेब?"

"तू आधी विटा शोध," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

सांगितलं तसं सगळं केलं. पुढच्या शुक्रवारी साडेदहा वाजले तरी फोन नाही. अकराला आला, पण बोलल्या वहिनीच. "ते झोपलेत. आज उठवून विचारलं तर नको म्हणाले. तू लावलीस का गाडी?"

"नाही वहिनी. बॅटरीची वायरच काढून ठेवलीय. साहेबांनी सांगितलं."

"त्यांनी? स्वतः?"

"हो. गेल्या शुक्रवारी."

बोलून गेलो, आणि मग कळलं की साहेब परत यायचं धरून चालत नाहीत, हेच मी त्यांना सांगितलं. त्यांच्या मागे हॉस्पिटलात कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिची चाकं वाजत होती. शेवटी त्यांनी विचारलं, "कव्हर नीट घातलंस ना?"

हो म्हणालो. घातलेलंच होतं. तरी फोन ठेवल्यावर पुन्हा पार्किंगमध्ये जाऊन चारही कोपरे ओढून बघितले.