नत्थूजींचं जोरदार भिंग

नत्थूजी हाडाचे विणकर. अख्खा जन्म हातमागावर गेला, आणि त्या मागानेच एक खूळ त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं: भिंग जेवढं जोरदार, तेवढा माल खरा दिसतो. म्हणून इतवारी बाजारात गुलाबचंदच्या जुन्या सामानाच्या दुकानातून दुर्बीण आणली, तेव्हा तिच्यासोबतचं डोळ्याला लावायचं रुंद, कमी ताकदीचं भिंग त्यांनी लगेच परत केलं आणि बदल्यात जोरदार घेतलं. त्यातून शनीचं कडं दिसलं, तेव्हा स्वारीचे पाय जमिनीवर ठरेनात.

पण दुर्बीण शनीसाठी नव्हतीच, मायसाठी होती. १९१० साली चिमुरड्या गोदूबाईने, म्हणजे त्यांच्या मायने, हॅलेचा धूमकेतू बापाच्या खांद्यावर बसून पाहिला होता. त्याच साली बाप पटकीने गेला. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता, खांदा आठवायचा. आता शहाऐंशीच्या जानेवारीत तो तारा परत आला होता, आणि तिचा एक डोळा काचबिंदूने गेलेला, दुसरा विझत चाललेला.

दिवेलागणीनंतर नत्थूजींनी अंगणातून दुर्बीण पश्चिमेला लावली. आत नुसता राखाडी धूर.

"काहून दिसत नाही गा, नत्थू? माह्याच डोळ्याचा दोष असंन."

"नाही वं माय, थांब जरा."

अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या आणि धूमकेतू सूर्याआड गेला. मग शेजारचे मधुकरराव मास्तर म्हणाले, "चंद्रासाठी, शनीसाठी हे भिंग बेस हाय, नत्थूजी. धूमकेतू फिका अन् पसरट. त्याले जास्त मोठं केलं का तो विरून जाते. तुमचं पयलं भिंगच पाहिजे होतं."

नत्थूजींना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. लुगड्याचा काठ कसा उठला ते धागे मोजायच्या भिंगातून कोण बघतो?

पहिलं भिंग गुलाबचंदकडून केव्हाच रामटेकच्या कुणीतरी नेलं होतं. हातापाया पडून त्यांनी ते मागून आणलं, तोवर एप्रिल उजाडला. धूमकेतू आता दक्षिणेला होता. त्यांनी डोळा लावला आणि तो दिसला, शेपटीसकट. नत्थूजी रडलेच. धावत घरात जाऊन मायला हाताला धरून घेऊन आले.

तिने डोळा लावला. 

"दिसला गा," ती म्हणाली. "बाबाच्या खांद्यावरून दिसला होता, तसाच."

नत्थूजींचं लक्ष नळीच्या तोंडाकडे गेलं. तिथे फडकं बांधलेलं होतं. मागावरून माणूस उठला की कापड झाकायचं, या घरातल्या सवयीने त्यांच्या बायकोने, चंद्रकलेने, नत्थूजी आत गेल्याबरोबर ते बांधलं होतं. झाकलेल्या नळीतूनही दिसला म्हणाली, म्हणजे मायचा दुसरा डोळाही गेला होता. कधी, कोण जाणे. लेकाचं मन मोडू नये म्हणून बोलली नव्हती.

चंद्रकला फडकं सोडायला पुढे झाली. नत्थूजींनी तिचा हात धरला. सोडून आता काय उपयोग होता?

"तूही पाह्य ना, बाबू," माय म्हणाली.

ते वाकले, अंधाराला डोळा लावला.

"हो वं माय. मस्त दिसून राहिला."