आवाज सरांचा सिनेमा

आवाज सरांच्या घरी टीव्हीवर अवकाशाचा सिनेमा लागला, की यान फुटायच्या बेतात असताना सर उठून टीव्हीचा आवाज बंद करायचे. यानाच्या चिंधड्या उडायच्या आणि आम्ही पोरं ते मुकाट बघायचो. मग यानाच्या आतलं दृश्य आलं, की आवाज पुन्हा सुरू. "आत हवा हाय. आत बोलू द्या त्यांना," असं म्हणून ते परत भिंतीला टेकायचे. काकू वैतागायच्या. "रडारड तेवढी ऐकवता, मजा आली की गप!"

आंदर मावळातल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. अवकाशाचा कुठलाही सिनेमा निघाला की त्यांचा एकच प्रश्न, "बाहेर हवाच न्हाई, मग आवाज कशावर बसून आला?" त्यावरून आवाज सर.

त्यांच्याकडे एक काचेची हंडी होती. आत विजेची घंटा वाजत ठेवायची आणि पंपाने हवा काढत जायचं. आवाज बंद होतो, असं पुस्तकात छापलेलं. आमचा पंप म्हातारा, त्यामुळे घंटा बारीक किणकिणत राहायचीच. मी पुस्तकातलं वाक्य उतरवलं, तर सरांनी पान फाडलं. "तुला ऐकू येतंय ना? मग तसंच लिही. पंपाची लाज आपण कशाला झाकायची?"

आठवीत असताना स्नेहसंमेलनात मी अंतराळवीर झाले. थर्माकोलचं यान फुटताना ढोल बडवायचा, असं आम्ही ठरवलं होतं. सरांनी ढोल काढून घेतला. यान गपचूप मोडून पडलं आणि सगळा गाव हसत सुटला. लोकांना वाटलं, नाटकच कोसळलं. अंगाला चंदेरी कागद गुंडाळून मी तिथंच उभी. नंतर पडद्यामागे रडत होते, तर सर म्हणाले, "हसू दे. आपण खरं केलं." त्या तीन शब्दांवर मी शिक्षिका झाले म्हटलं तरी चालेल. पुढे खऱ्याला धरून राहिले म्हणून बक्षिसं हुकली, मुख्याध्यापकांशी वाजलं. दर वेळी मला ते हसू आठवायचं आणि मान ताठ व्हायची.

दोनेक वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या एका बंगल्यात सिनेमावाले मुक्कामाला आले. अवकाशाचा सिनेमा, त्यांना विज्ञानाचा जाणकार हवा होता. निवृत्त झालेल्या सरांना न्यायला गाडी यायला लागली. इकडे वडगावात मी माझ्या शाळेभर सांगत सुटले, की आता बघा, एक तरी सिनेमा खरा निघणार.

सिनेमा लागला, तेव्हा लोणावळ्याला थिएटरात सर आणि मी शेजारी बसलो. यान फुटलं. खुर्च्या हादरल्या एवढा आवाज झाला. आता सर उठणार, म्हणून मी वळून पाहिलं, तर ते टाळ्या वाजवत होते. शेवटी पडद्यावर सल्लागार म्हणून त्यांचं नाव आलं, ते माझ्याच्याने बघवेना.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, आवाज कशावर बसून आला?"

"मीच घालायला लावला," सर खुशीत म्हणाले. "ते तर गपच ठेवनार व्हते. मी म्हनलं, लोक हसत्याल. तुला हसले व्हते ना गं. तुझं ते तोंड अजून दिसतं मला. लय चुकलं माझं त्या दिवशी."

माझा विश्वासघात झाला होता, आणि तो काही सिनेमाने केला नव्हता. ज्या दिवसाच्या जोरावर मी इतकी वर्षं भांडत आले, तोच दिवस सरांनी मनातल्या मनात चूक ठरवून टाकला होता, मला न विचारता. मी तडक घरी आले. नंतर त्यांचे फोन आले, ते मी उचलले नाहीत. यंदा सर गेले. राग अजून गेलेला नाही.

हंडी काकूंनी माझ्याकडे पाठवून दिली. परवा वर्गात पंप मारला.

"मॅडम, बारीक येतंय ऐकू," एक मुलगी म्हणाली.

"मग तसंच लिही."

तिने लिहिलं आणि विचारलं, "पण त्या सिनेमात एवढा मोठा आवाज कसा? त्यात तर तुमच्या सरांचं नाव आहे."

"सर चुकले," मी म्हणाले.

मुलांनी तेही वहीत उतरवलं. सिनेमात चुकले, ते खरंच. स्नेहसंमेलनात ते चुकले नव्हते, हे मात्र त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.