बिनऔषधाची सफरचंदं

आईशप्पत, सगळं खरं आहे. म्हणजे मी पाहिलं तेवढं. बाकीचं जन्याने सांगितलंय, आणि जन्या स्वतःच्या लग्नाची तारीखही चुकीची सांगतो. आमच्या स्टोरेजमध्ये फळांपेक्षा किस्सेच जास्त टिकतात.

शौकतचाचांनी निजामपुऱ्यातले कापड विणायचे बारा लूम भंगारात विकले आणि त्याच शेडमध्ये कोल्ड स्टोरेज टाकलं. स्टाफ म्हणजे मी आणि जन्या. गिऱ्हाईक एकच, अटही एकच: सफरचंदाला औषध लावायचं नाही. मग साल काळी पडू नये म्हणून काय? खोलीतला ऑक्सिजन कमी करून दार सील.

टेक्निशियन म्हणाला, "आत माणूस गेला तर जागेवर आडवा होईल."

"मग सफरचंदाचं काय होईल?" चाचांनी विचारलं.

"झोपेल."

त्या दिवसापासून चाचा शेडमध्ये हळू बोलायला लागले.

*

पण तीस वर्षं लूम चालवलेला माणूस. खटखट थांबली म्हणजे नुकसान, एवढंच त्यांना ठाऊक. शांततेने त्यांचा बीपी वाढला. मी मोबाईलवर लूमचा आवाज लावून दाराशी ठेवला. चाचांना खुर्चीतच झोप लागली.

जुना सूतवाला डोकावला. "काय चाचा, लूम परत चालू?"

चाचा डोळे न उघडता म्हणाले, "हां. सफरचंद विणतोय."

*

पिकल्या केळ्याच्या वाऱ्याने सफरचंद लवकर म्हातारं होतं. हे टेक्निशियनने सांगितलं आणि जन्या पांढरा पडला.

"चाचा, वज्रेश्वरीची केळी आणलेली. थंड ऱ्हातील म्हणून सील करायच्या आधी आत ठेवली."

दार उघडलं तर बाहेरची हवा शिरणार, नाही उघडलं तर केळी आहेतच. चाचा दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी सील तोडलं, पेटी न् पेटी हलवली. केळं नाही.

जन्या म्हणाला, "आता आठवला. रिक्षातच ऱ्हायली."

*

शेवटी माल काढायची वेळ आली. दार उघडून आत हवा येऊ दिली. थंडीत डाग दिसत नाही, फळ बाहेर उबेत आलं की साल भाजल्यासारखी होते. म्हणून गिऱ्हाईकाने एक पेटी टेबलावर ठेवायला लावली. आठवडाभर चांगली राहिली तर सगळा माल उचलणार. नाही तर शेडसुद्धा विकायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार काळी. चाचा यायच्या आत मी आतून चार आणून बदलली. मग रोजच बदलली.

सातव्या दिवशी पेटी आरशासारखी. गिऱ्हाईकाने ट्रक भरून नेला.

मला राहवेना, जन्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू पन? मी दुपारी बदलायचो."

दोघं चाचांपुढे जाऊन उभे राहिलो, सगळं सांगितलं. चाचांनी टेबलाचा खण ओढला. आत काठोकाठ सफरचंदं. तपकिरी.

"हळू बोला," चाचा म्हणाले.

माल नेल्याच्या पाचव्या दिवशी ट्रक भरलेलाच परत आला. म्हणून तर धामणकर नाक्यावर ही हातगाडी लावलीय. ऐकता ऐकता तू दोन खाल्लीस. चाळीस काढ.

उद्या देतो म्हणू नकोस. उद्या तू हीच पेटी काळी पडलेली बघशील.