माठाखालची कोनशिला

३० एप्रिल. आज कार्यालय रिकामे करायचे होते. घरमालकाने सकाळी दहा वाजताच रंगारी आणून दारात उभा केला, कारण उद्यापासून तिथे मोबाइलचे दुकान लागणार आहे. लाखनीत हायवेला लागून असलेल्या या दोन खोल्यांत मी सतरा वर्षे आमदारांचे जनसंपर्क कार्यालय सांभाळले. गेल्या निवडणुकीत साहेबांनी स्वतःहून उमेदवारी मागितली नाही. त्यानंतरही लोक सवयीने येत राहिले, म्हणून कार्यालय चालू ठेवले. हळूहळू तेही यायचे थांबले.

दुपारपर्यंत रद्दीची चौदा पोती निघाली. खुर्च्या अंगणवाडीला दिल्या. शेवटी कोपऱ्यात माठ उरला आणि माठाखाली काळा ग्रॅनाइटचा दगड. रंगाऱ्याने माठ उचलला, दगड पुसला आणि मोठ्याने वाचायला लागला, "वर्गखोली बांधकाम... भूमिपूजन... शुभहस्ते..."

"राहू दे, बाबा," मी म्हटले. "मले पाठ हाय."

साहेबांना फोन लावला.

"साहेब, माठाखालचा दगड काय करू?"

"कोनता दगड?"

"तलावाच्या पारीवरच्या शाळेचा."

त्यांनी पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग म्हणाले, "ने तुया घरी. कपडे धुवाले चांगला हाय."

"बरं."

"परवा डोळे दाखवाले भंडाऱ्याले गेलतो. त्या शाळेच्या मोठ्या बाई बसून होत्या बाकड्यावर. मी नमस्कार केला, तं त्यायनं तोंड फिरवलं. म्हटलं, बाईची नजर अजून चांगली हाय. इतक्या दुरून मले ओळखलं!" आणि हसले. बाराएक वर्षे ते या गोष्टीवर असेच हसत आले आहेत. बाईंनी तोंड फिरवायला हवे होते ते मला पाहून, साहेबांना पाहून नव्हे, हे त्यांना माहीत आहे आणि मला. तिसऱ्या कुणाला नाही.

मोठ्या बाई म्हणजे त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आमच्याकडे मुख्याध्यापिकेला सगळे गाव मोठ्या बाईच म्हणते.

मी कार्यालयात लागले तेव्हा मला फक्त टायपिंग येत होते. साहेबांसोबत मुंबईला जाणारे स्वीय सहायक वेगळे. मी इथली, अर्ज घेणारी बाई. पण सकाळी आठला शटर वर केले की बाहेरच्या बाकावर पाच-सात जण बसलेले असत आणि त्यातले निम्मे शाळेसाठी आलेले असत. कुणाला कुंपणाची भिंत हवी, कुणाला बोअर, कुणाची खोली गळते. येताना कुणी मोकळ्या हाताने येत नसे. मुरमुरे, लाखोळीची डाळ, एकदा तर पिशवीत जिवंत शिंगाडा मासे. साहेब डाळ-मुरमुरे घेत, भेटवस्तू घेत नसत. भंडाऱ्याच्या कुणी आणलेली पितळेची गुंडी त्यांनी त्याच पावली जवळच्या शाळेत पाणी भरायला पाठवून दिली आणि देणाऱ्याला फोन करून सांगितले, तुमची गुंडी पोरांच्या कामी आली. त्यानंतर पितळ आले नाही.

अर्ज ते उभ्याने वाचत. पहिला प्रश्न ठरलेला: "पोरी किती हाय?" शाळा पाहायला गेले की आधी वर्गात जात नसत, मागच्या बाजूला मुतारी पाहायला जात. तिचे दार लागत नसेल तर स्वागताचा हार हातात तसाच धरून मुख्याध्यापकाला म्हणत, "हार मंग घालजा, आधी कडी लावा." नागपूरच्या अधिवेशनाच्या आधी मी प्रश्न टाइप करी, तेव्हा हे सगळे दरवाजे, कड्या, गळके कवेलू, म्हणजे छपराची कौले, त्यात येत. सभागृहात काय होई ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या वर्षी कड्या लागलेल्या दिसत.

निधीचा मार्ग मात्र सरळ होता आणि लांब होता. साहेब कामाची शिफारस करत, मग इंजिनियरचे अंदाजपत्रक, मग नियोजनच्या ऑफिसात फाइल, मग जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी. मंजुरीचा कागद हातात आला की भूमिपूजन. हा क्रम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. मी तो पहिल्या निवडणुकीत पाळला. दुसऱ्या वेळी चुकले.

ते दिवस आचारसंहितेच्या तोंडावरचे होते. एकदा ती लागली की नवे काम सुरू करता येत नाही, म्हणून जिथे मंजुरी आली तिथे भूमिपूजन उरकून घ्यायची सगळ्यांची घाई असते. दौऱ्याचा कागद मी बनवत होते. एका दिवसात सात गावे. पाचव्या आणि सहाव्या गावाच्या मध्ये तासभर मोकळा निघत होता आणि दिघोरीच्या पुढचे हे तलावाचे गाव नेमके त्याच रस्त्यावर होते. तिथल्या शाळेच्या खोलीची फाइल नियोजनला अडकली होती, एक सही बाकी होती. मी फोन केला. तिथला बाबू म्हणाला, उद्या होते. मी गावाचे नाव कागदात घातले, सात कोनशिलांसोबत आठवी कोरायला सांगितली आणि मोठ्या बाईंना फोन केला.

"मंजुरी आली, बाई," मी म्हटले. "परवा चार वाजता साहेब येतात."

मंजुरी आलेली नव्हती.

ते गाव मासेमारीवर जगणारे. तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून पंधरा-वीस घरे, घरांपुढे वाळत घातलेली जाळी, आणि पारीवरच शाळा. एक सिमेंटची खोली आणि एक जुनी मातीची, कवेलूची, पाठीमागची भिंत फुगलेली. दर उन्हाळ्यात मास्तरांनी निरोप दिला की गावातलेच चार जण वर चढून कवेलू फेरत, फुटके काढून नवे बसवत. त्यासाठी कधी कुणी मजुरी मागितली नाही की कुणाची परवानगी. आपल्या घरासारखीच ती खोली. म्हणून नवी खोली त्याच जागी होणार आणि साहेब परवा येणार हे कळल्यावर त्यांनी जे केले ते त्यांच्या दृष्टीने बरोबरच होते.

आम्ही पोचलो तेव्हा शेणाने सारवलेली मोठी चौकोनी जागा होती, मध्ये रांगोळी, चार कोपऱ्यांना केळीचे खांब. मातीची खोली नव्हती. कवेलू पारीवर रांगेने लावून ठेवले होते.

मासेमारी संस्थेचा म्हातारा अध्यक्ष पुढे आला. "साहेब, चार घंट्यात खोली खाली केली, पाहा! भिंत पाडली, माती भरली, सारवून दिलं. अन् कवेलू एक नाई फुटला."

सरकारी शाळेची इमारत अशी पाडता येत नाही. आधी ती निकामी ठरवल्याचा आदेश लागतो. तो नव्हता, कारण मंजुरीच नव्हती. साहेब जीपमधून उतरायच्या आधी हळू आवाजात मला म्हणाले, "कागद कुठं हाय?"

"उद्या येते, साहेब."

"मी उद्याचं नाई विचारलं."

मी खाली पाहिले. त्यांनी त्या सारवलेल्या जागेकडे पाहिले, नव्या साड्या नेसून उभ्या बायांकडे पाहिले, उतरले आणि नारळ फोडला. दगड लावायला भिंतच नव्हती, म्हणून तो परत जीपमध्ये आला. त्याच संध्याकाळी आचारसंहिता लागली.

मुलांना मासेमारी संस्थेच्या खोलीत बसवले. वरती जाळी टांगलेली, खाली पाचवी ते सातवी. मुली जवळच्या गावच्या शाळेत जायला तयार होत्या, पण त्यांच्या घरचे तयार नव्हते. मोठ्या बाईंना कारणे दाखवा नोटीस आली: इमारत कुणाच्या आदेशाने पाडली? बाईंची दोन वर्षे नोकरी उरली होती. पेन्शन अडकली तर घरात कमावते दुसरे कुणी नव्हते. त्या नोटीस पॉलिथिनच्या पिशवीत घालून एसटीने लाखनीला आल्या. मी चहा ठेवायला गेले आणि दारातच थांबले.

"मले तुमच्या ऑफिसातून फोन आला होता," बाई म्हणाल्या. "मंजुरी आली म्हणून. गावाले मी सांगितलं. आता मी काय लिहून देऊ?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "फोन मीच कराले लावला होता. मंजुरी नसताना मीच म्हटलं, सांगून दे. लिहा तसं."

"तुमी?"

"निवडणूक आली, बाई. घाई झाली."

बाईंनी नोटीस परत पिशवीत घातली. मग म्हणाल्या, "लेकराइच्या डोक्यावरचं छप्पर काढून मतं मागाले लागले का तुमी?"

साहेब म्हणाले, "चहा घ्या." बाईंनी घेतला नाही.

त्या गेल्यावर त्यांनी मला कागद घ्यायला लावला. जुनी खोली माझ्या सांगण्यावरून पाडण्यात आली, मुख्याध्यापिकेचा यात दोष नाही. मी टाइप करताना दोनदा चुकले.

"साहेब, हे खरं नाई," मी म्हटले. "माझं नाव लिहा."

"तुयं नाव लिहिलं तं साहेब लोक विचारतील, ही कोन? अन् नोटीस तशीच राहील. माझं लिहिलं तं फाइल बंद होते. तू चूप राह्य. अन् यापुढं कागद हातात आल्याशिवाय फोन नाई कराचा."

फाइल बंद झाली. त्या पत्राची झेरॉक्स मात्र विरोधकांच्या हाती लागली आणि सभांमधून वाचली गेली. साहेब थोडक्यात निवडून आले, पण त्या गावाने त्यांना मते दिली नाहीत. निकालानंतर आठ दिवसांत ते मला घेऊन नियोजनच्या ऑफिसात गेले आणि बाबूच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. काही बोलले नाहीत, नुसते बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी सही झाली. एकीऐवजी दोन खोल्या मंजूर झाल्या आणि जुने कवेलू म्हाताऱ्या अध्यक्षाने संस्थेच्या खोलीवर चढवले. उद्घाटनाला मोठ्या बाई आल्या नाहीत. त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा महिना होता. त्या वर्गात शिकवत बसल्या होत्या, खिडकीतून फळ्यावरचा त्यांचा हात दिसत होता. साहेबांनी फीत कापली, माठातले पाणी स्वतःच घेऊन प्याले आणि मागे जाऊन मुतारीची कडी लावून पाहिली.

मी चूप राहिले. आधी नोकरीच्या भीतीने. मग सवय झाली. मधल्या काळात माझी दोन्ही मुले शिकली, मी दुचाकी घेतली, कागद हातात आल्याशिवाय एकही फोन केला नाही. आठवा दगड माठाखाली ठेवला, कारण तेवढ्या उंचीवर माठ बरोबर बसत होता. रोज पाणी घेताना तो दिसे आणि रोज दिसणारी गोष्ट पुढे दिसेनाशी होते. आज रंगाऱ्याने तो मोठ्याने वाचला.

संध्याकाळी दगड ऑटोत घालून घरी आणला आणि मागच्या नळाजवळ टाकला. निघण्याआधी कार्यालयाच्या दारातल्या चौदा पोत्यांपैकी एक परत उघडून त्या दौऱ्याचा कागद शोधून घेतला होता. पाचव्या आणि सहाव्या गावाच्या मध्ये माझ्या हाताने, निळ्या पेनाने, ते नाव घुसवलेले आहे. साहेबांनी मंजूर केलेल्या मूळ टाइप केलेल्या यादीत ते नाही.

१ मे. सकाळी सातच्या एसटीने भंडाऱ्याला गेले. मोठ्या बाईंचे घर मला माहीत होते, निवृत्तीनंतर त्या मुलीकडे राहतात. त्या व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"लाखनीची ना तू? त्या ऑफिसातली?"

"हो, बाई. तो फोन मी केला होता."

"माहीत हाय. आवाज तुयाच होता."

"साहेबांनी नव्हता कराले लावला. त्यायले माहीतच नव्हतं. मी माझ्या मनानं केला." आणि कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी सूप बाजूला सरकवले, चष्मा लावला, टाइप केलेली नावे वाचली, मग निळे अक्षर वाचले. पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"मंग इतकी वर्षं चूप काहून होतीस?"

"भेत होती."

"अन् आता?"

"आता ऑफिस बंद झालं."

"वा!" बाई म्हणाल्या. "म्हणजे आता फुकटात खरं बोलता येते." त्यांनी कागदाची घडी केली, परत मला दिली नाही, चष्म्याच्या डबीत ठेवली. "मी त्या मानसाले परवा दवाखान्यात तोंड नाई दाखवलं. त्यानं हात जोडले होते, अन् मी भिंतीवरचं डोळ्याचं चित्र पाहत बसली."

"त्यायनं सांगितलं मले."

"चिडले?"

"हसत होते."

बाईंनी तांदळाचे हात पदराला पुसले आणि एक हात पुढे केला. "लाव फोन त्याले. अन् तू इथंच बस, उठजो नको. माझं झाल्यावर तुले बोलाचं हाय."

मी साहेबांचा नंबर लावला आणि फोन बाईंच्या हातात दिला.